रात्री-पहाटे सायकल: दिवा, रेडियम आणि कायदा (कोकणातल्या रस्त्यांसाठी)

भट्टीवाला (पावस)

नमस्कार मंडळी. आमची पावसजवळ छोटी बेकरी आहे. पहाटे साडेतीनला भट्टीतून पहिली लादी निघते आणि पाचच्या आत पोरं सायकली घेऊन बाहेर पडतात. एकजण गोळपच्या सड्याकडे (कातळाच्या पठारावर), एकजण पूर्णगडला, एकजण पूल ओलांडून गावखडीला. चहाच्या वेळेला पाव दारात पोचला पाहिजे, म्हणजे निम्मी फेरी अंधारातच होते.

रात्रीच्या सायकलिंगवर मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक हौशी रायडर मंडळींसाठी असतं. हलकी सायकल, महागडे दिवे, ग्रुपने शंभर किलोमीटर. त्यांचं चांगलंच आहे. पण कोकणात अंधारात सायकल चालवणारा खरा माणूस म्हणजे पाववाला, दूधवाला, बंदरावर जाणारा खलाशी, हॉटेलातून रात्री सुटणारा पोरगा, क्लासहून परतणारी मुलगी. त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हा धागा.

निमित्त असं झालं, की मागे एका पिकअपने आमच्या पोराच्या मागचा क्रेट उडवला. पोराला खरचटण्यावर भागलं. ड्रायव्हर सारखा एकच म्हणत होता, दिसलाच नाही. मी त्याच रात्री सायकल रस्त्यात उभी करून, क्रेट लादून, बाइकच्या उजेडात मागून पाहिली. मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर क्रेटच्या खाली पूर्ण झाकला गेला होता. काळी सायकल, निळी ताडपत्री, ओला डांबरी रस्ता. अगदी जवळ जाईपर्यंत काहीच उठून दिसत नव्हतं.

त्यानंतर आम्ही मागचा दिवा सायकलला नाही, क्रेटलाच बांधतो. क्रेटच्या मागच्या अंगाला केबल टायने दिवा, त्याच्या खाली आडवी लाल रेडियम पट्टी. ट्रकच्या बॉडीला लावतात तीच, बॉडीवाल्याकडे फुटावर मिळते. गाड्यांच्या नियमात पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी असे रंग ठरलेले आहेत. सायकललाही तेच ठेवा. लाल दिसलं की समोर कशाची तरी पाठ आहे हे ड्रायव्हरला विचार न करता कळतं. मागे पांढरं लावलंत तर तो गोंधळतो. पुढचा दिवा हँडलवर ठेवून उपयोग नाही, पिशव्या आडव्या येतात. तो फोर्कच्या दांडीला, चाकाच्या वर बांधला.

आता प्रश्न. कायदा नेमका काय म्हणतो? दिवा कसला घ्यावा जो खाऱ्या हवेत टिकेल? आणि देव न करो, पण काही झालंच तर पुढे काय करायचं?

दर्यावर्दी (हर्णै)

सायकलला कसला आलाय कायदा? लायसन नाही, पासिंग नाही, विमा नाही. पोलीस बिनहेल्मेटवाल्यांना धरतात, सायकलवाल्याकडे बघतसुद्धा नाहीत. बाकी क्रेटला दिव्याची आयडिया आवडली, आमच्या मासळीच्या पेट्यांना पण चालेल.

काळाकोट (चिपळूण)

दर्यावर्दी, तुमचं अर्धं बरोबर आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ हा मोटारीचा. पायडलची सायकल त्यातल्या मोटार वाहनाच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून लायसन, नोंदणी, विमा काही लागत नाही. हेल्मेटची सक्ती करणारं कलम १२९ सुद्धा मोटारसायकलवाल्यांसाठी आहे. सायकलवर हेल्मेट घालाच, पण तो तुमच्या डोक्याचा प्रश्न आहे, दंडाचा नाही.

आता उरलेलं अर्धं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, म्हणजे पूर्वीचा मुंबई पोलीस कायदा, यात वाहन म्हणजे काय ते सांगताना सायकल नाव घेऊन धरलेली आहे. त्याच्या कलम ३३ खाली पोलीस आयुक्त आणि जिल्हा दंडाधिकारी आपापल्या हद्दीत नियम करू शकतात, की वाहनांना दिवे किती, कुठे आणि कोणत्या वेळात असावेत. दिवा नसलेली किंवा डबलसीट सायकल पोलीस अडवायचे ते जुन्या मंडळींना आठवत असेल. अडवायची सवय गेली, अधिकार गेलेला नाही.

आणि भारतीय न्याय संहिता सायकलवाल्यालाही लागू आहे. १ जुलै २०२४ पासून ती अमलात आली. कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे वाहन हाकणाऱ्यासाठी आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात इंजिनाची अट नाही. अंधारात बिनदिव्याची सायकल उतारावर सोडून तुम्ही एखाद्या म्हातारीला धडकलात, तर 'माझी साधी सायकल' हा बचाव चालायचा नाही.

पण खरं नुकसान दंडात नाहीच. उद्या गाडीने तुम्हाला उडवलं आणि भरपाईचा दावा लागला, तर विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न विचारणार की सायकलला दिवा होता का. नव्हता असं दिसलं तर चूक दोघांची धरून रक्कम कापली जाऊ शकते. शंभर-दोनशे रुपयांचा दिवा तिथे लाखांच्या हिशेबात येतो.

दिवा किती वाजता लावायचा याला मोटारीच्या नियमातलं माप घ्या: सूर्यास्तानंतर अर्धा तास झाला की लावायचा, आणि उजेड कमी असेल तेव्हा कधीही. मी म्हणेन अर्धा तासही थांबू नका. आपल्याकडे नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, आणि माडापोफळीच्या बागांतल्या रस्त्यांवर त्याच्या आधीच काळोख होतो.

वस्तीची_गाडी (राजापूर)

मी एसटीत ड्रायव्हर होतो, बरीच वर्षं वस्तीच्या गाड्या केल्या. रात्री गावात मुक्काम, पहाटे पहिली फेरी. स्टिअरिंगमागून काय दिसतं ते सांगतो, म्हणजे सायकलवाल्यांना अंदाज येईल.

साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर पुढे जाते. डोळ्याने पाहिलं, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात पंचवीसेक मीटर गेलेले असतात. ब्रेक लागून गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी वीसेक मीटर, ओल्यावर त्याहून बरेच जास्त. म्हणजे पन्नास मीटरच्या आत दिसलेला माणूस नशिबावर असतो. डिपरवर, म्हणजे दिवे खाली केलेले असताना, गडद कपड्यातला सायकलवाला त्याहून लांबून सहसा दिसत नाही. चांगली रेडियम मात्र दीडशे मीटरवरूनही चमकते. तेवढ्या अंतरात मी हॉर्न देऊन, वेग कमी करून, बाजू देऊन आरामात निघतो.

त्यातून समोरून कोणी फुल लाइटवर आला, की तो गेल्यावर दोन-चार सेकंद डोळ्यांपुढे नुसता काळोख असतो. त्या वेळात डाव्या कडेला कोण आहे हे मला कळतच नाही. म्हणून सायकलवाल्यांना माझी कळकळीची विनंती: समोरून मोठा प्रकाश आणि मागून गाडीचा आवाज एकदम आला, तर पायडल थांबवा आणि साइडपट्टीवर उतरून उभे राहा. अर्ध्या मिनिटाचा प्रश्न असतो.

दुसरी गोष्ट पायडलच्या रिफ्लेक्टरची. पिवळे दोन ठिपके खालीवर होताना दिसले की ही सायकल आहे हे लांबून कळतं. नुसता स्थिर लाल ठिपका असला तर ती मोटारसायकल आहे की कडेला उभा ट्रक, हे ठरवायला वेळ जातो. नवीन सायकलला ते पायडलमध्येच बसवलेले येतात, मग तुटतात आणि कोणी परत बसवत नाही. बसवा.

शाळेची_घंटा (दापोली)

आमच्या शाळेतल्या मुली क्लास संपवून सातनंतर घरी जातात. बऱ्याच जणींना घरच्यांनी शिकवलंय की रात्री उजव्या बाजूने सायकल चालवायची, म्हणजे समोरची गाडी दिसते. मी सांगून थकले, पण पालक म्हणतात की मागून येणारी गाडी दिसत नाही तीच मारते. याला समजेल असं उत्तर द्या कोणीतरी.

वस्तीची_गाडी (राजापूर)

बाई, चालणाऱ्याने उजवीकडून चालावं, ते बरोबर. सायकलने कधीच नाही. हिशेब सांगा त्यांना. मुलगी पंधराच्या वेगाने, गाडी साठने. डावीकडून चालवली तर गाडी तिच्याकडे पंचेचाळीसच्या फरकाने येते. उजवीकडून चालवली तर तेच पंचाहत्तर होतं. ड्रायव्हरला विचार करायला मिळणारा वेळ चाळीस टक्क्यांनी कमी होतो. शिवाय फाट्यावर वळणारा ड्रायव्हर उजवीकडे बघतो, कारण गाड्या तिकडून येतात. डावीकडून उलटी सायकल येईल ही शक्यता त्याच्या मनातच नसते. आणि वळणावर तर दोघांनाही एकमेक दिसत नाहीत. आरे-वारेच्या घाटात संध्याकाळी पर्यटकांच्या गाड्या समुद्राकडे बघत वळण घेतात, तिथे उलट्या बाजूने सायकल म्हणजे सरळ आत्महत्या.

काळाकोट (चिपळूण)

आणि बाई, रस्त्याचा नियम डाव्या बाजूचाच आहे. उलट्या बाजूने अपघात झाला तर दाव्यात मुलीचीच चूक पुढे केली जाईल.

वेंगुर्लेकार

आमच्या हय रस्त्यार दिवेच नाय. रातचे ढोरा रस्त्याच्या मधीच बसतत, डांबर गरम असता म्हणान. काळा ढोर तर पुढ्यात येयसर दिसणा नाय. दशावतार बघून येताना माझो चुलतो असोच म्हशीर आपटलो, हात मोडून घेतलो. पुढचो दिवो व्हयोच, आणि तो रस्त्यार खाली मारूक व्हयो. काय जण डोक्याक बॅटरी बांधतत, ती थेट समोरच्याच्या डोळ्यात जाता. तसा करू नकात रे.

कातळसडा (देवगड)

वेंगुर्लेकार, खरं बोललात. आमच्याकडे सड्यावर आणखी एक दुखणं, फुरसं. पावसाळ्याच्या तोंडाला आणि पावसानंतर रात्री ती रस्त्यावर येऊन पडतात, जांभ्याच्या रंगात रंग मिसळतो. सायकल त्यांच्या अंगावरून गेली तर गेली, पण नेमकं तिथे पाय टेकला की संपलं. स्लिपर घालून रात्री सड्यावरून सायकल चालवू नका, बंद बूट घाला. कडेच्या गवतात उतरताना आधी बॅटरी मारा. चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको. पाय हलवू न देता सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालणारी एकच लस असते.

कुत्र्यांबद्दलही सांगतो. वेगाने पळालात तर ती मागे लागणारच. उतरा, सायकल मध्ये धरा, चालत पुढे जा. आणि बिबट्याच्या बातम्या असल्या तर दोघं मिळून जा, घंटी वाजवत.

चाकवाला (मालवण)

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. भट्टीवाले दादा, तुमचा दिव्याचा प्रश्न मला रोज विचारला जातो, जरा सविस्तर लिहितो.

आधी डायनामो. जुन्या रोडस्टरला टायरवर घासणारा असतो. पावसात टायर ओला झाला की त्याचं चाक घसरतं आणि दिवा मिणमिणतो. आणि सायकल थांबली की दिवा बंद. पाववाल्याला दर दहा घरांमागे थांबायचं असतं, म्हणजे नेमका रस्त्यात उभा असताना तो अंधारात. त्यामुळे डायनामो असला तरी मागे बॅटरीचा दिवा वेगळा पाहिजेच.

बॅटरीचा घेताना खोक्यावरचा पाण्याचा आकडा बघा. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे सोसतो. आपल्या पावसाला तो पुरत नाही. आयपीएक्स ६ किंवा ७ घ्या. पण पाण्याहून जास्त दिवे खातं ते मीठ. किनाऱ्यालगतच्या गावांत चार्जिंगच्या भोकात हिरवा गंज चढतो आणि चांगला दिवा एका मोसमात मरतो. रबरी झाकण घट्ट बसतं का ते दुकानातच उघडझाप करून बघा. घरी आलात की गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, आणि ओला असताना कधीही चार्जिंगला लावू नका. सेलवाला दिवा असेल तर आतल्या स्प्रिंगला व्हॅसलिनचं बोट लावलं की वर्षभर बघायला नको.

मागचा दिवा लुकलुकणारा की स्थिर? लुकलुकणारा लक्ष वेधतो, पण अंतर किती आहे ते ड्रायव्हरला नीट कळत नाही. जमलं तर दोन लावा, एक स्थिर, एक लुकलुकता. एकच असेल तर उजेडाच्या बाजारपेठेत लुकलुकता, काळोख्या रस्त्यावर स्थिर. पुढचा मात्र कधीच लुकलुकता नको, समोरचा वैतागतो आणि आपल्याला खड्डाही दिसत नाही. पुढच्या उजेडाचा पट्टा आठ-दहा मीटरवर रस्त्याला टेकेल असा खाली वाकवा.

आता जॅकेट. पोपटी रंग दिवसा चमकतो, रात्री तो कोणत्याही रंगासारखाच. रात्री काम करते ती त्यावरची रुपेरी पट्टी, आणि स्वस्तातल्या बऱ्याच जॅकेटांवर ती नुसती राखाडी कापडाची असते. ओळखायची सोपी रीत: दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जॅकेट टांगायला सांगा, वीस पावलं मागे या, मोबाइलची बॅटरी आपल्या कानशिलाला लावून त्यावर मारा. खरी पट्टी एकदम पांढरी पेटते. बॅटरी हातात खाली धरून पाहिलंत तर खरीसुद्धा मंद दिसेल, कारण रेडियम उजेड आला तिकडेच परत पाठवते. ड्रायव्हरचे डोळे आणि गाडीचे दिवे जवळजवळ एकाच रेषेत असतात, म्हणून त्याला ती चमकते. हीच परीक्षा क्रेटवरच्या पट्टीचीही महिन्यातून एकदा करा. शेणमातीने, पिठाने माखली की ती मेली.

भट्टीवाला (पावस)

चाकवाले, पिठाचं तुम्ही बरोबर पकडलंत! आमच्या पट्ट्यांवर बोटभर थर होता, आजच पुसायला लावल्या. व्हॅसलिनही आणतो.

रस्त्याच्या कडेबद्दल एक भर घालतो. पोरांची सवय की गाडी आली की अगदी कडेला घुसायचं. पावसाळ्यात आमच्याकडे साइडपट्टी वाहून गेलेली असते, डांबराची कड वीतभर उंच राहते आणि वर टाकळा माजून ती झाकून टाकतो. चाक खाली उतरलं की सायकल रस्त्याकडे फेकली जाते, नेमकी गाडीच्या पुढ्यात. म्हणून कडेपासून दीड-दोन फूट आत, सरळ रेषेत चालवायला सांगितलंय. आपण असे थोडे आत असलो की मागचा दामटून घुसत नाही, बाजू घेऊन जातो. भाट्याच्या पुलावर वारा आडवा लागतो, तिथे तर आणखी थोडं आत. आणि पांढऱ्या पट्टीवरून ओल्यात चाक नेऊ नका, रंग शेवाळासारखा घसरतो.

वकीलसाहेब, माझा शेवटचा प्रश्न राहिला. अपघात झाला तर?

काळाकोट (चिपळूण)

पहिला फोन १०८ ला, ॲम्ब्युलन्ससाठी. पोलीस ११२. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ही चालतो. गाडी पळाली तर नंबर, निदान रंग आणि टेम्पो की डंपर एवढं तरी लक्षात ठेवा.

मदत करायला लोक घाबरतात, की पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतील. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि त्याला नाव सांगायची सक्ती नाही. हे गावात चारचौघांत सांगा.

सायकल उचलून घरी नेऊ नका. पंचनाम्यात दिवा होता, रेडियम होती, ती कुठे होती हे लिहून घ्या. फुटलेल्या दिव्याचे तुकडेसुद्धा नोंदवायला सांगा. तिथल्या तिथे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे अर्जासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, तेव्हा 'बघू नंतर' करू नका. गाडी सापडलीच नाही, तर हिट अँड रनच्या योजनेत १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. मोटारीमुळे झालेल्या अपघातातल्या जखमीसाठी २०२५ मध्ये केंद्राची कॅशलेस उपचाराची योजनाही आली: ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा खर्च. दवाखान्यात पोचल्यावर नातेवाइकांनी ती विचारावी.

भट्टीवाले दादा, तुम्ही मालक आहात म्हणून दोन गोष्टी स्पष्टच सांगतो. चौदा वर्षांखालचं पोर फेरीवर पाठवायचं नाही. आणि अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येकाचा पंतप्रधान सुरक्षा विमा काढा. बँकेत खातं असलं की वर्षाला वीस रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. हप्ता तुम्ही भरा. कामावर असताना झालेल्या अपघातात मालकाची जबाबदारी त्याने संपत नाही, ती वेगळी येऊ शकते, पण घरच्यांच्या हाती काहीतरी लगेच पडतं.

भट्टीवाला (पावस)

सगळे अठराच्या वरचे आहेत. विम्याचे फॉर्म सोमवारी बँकेतून आणतो.

आंजर्लेकर

वडील रात्री बंदरावर जातात, गुडघे दुखतात म्हणून बॅटरीची सायकल घ्यायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो लायसन-नंबर काही लागत नाही. पण तीच सायकल पस्तीस-चाळीसने पळते असंही म्हणतो. दोन्ही खरं कसं?

काळाकोट (चिपळूण)

दोन्ही खरं नसतं. मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच ती मोटार वाहनातून सुटते. तेही मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेलं असेल तर, आपल्या राज्यात पुण्याची एआरएआय ही तशी संस्था. त्याहून वेगाने पळणारी किंवा दुकानात वेग 'उघडून' दिलेली सायकल ही कायद्याने मोटार वाहनच. मग नंबर, लायसन, विमा, हेल्मेट सगळं आलं, आणि विम्याशिवाय कोणाला धक्का लागला तर भरपाई वडिलांच्या खिशातून. दुकानदाराकडे त्या मॉडेलच्या मान्यतेचा कागद मागा. दाखवला नाही तर दुसरं दुकान बघा.

चाकवाला (मालवण)

आणि घेतलीत तर तिच्या मागच्या दिव्याची वायर बघा. बऱ्याच मॉडेलांत मागचा दिवा मुख्य बॅटरीवरच असतो, बॅटरी उतरली की तोही जातो. वडिलांना वेगळा सेलवाला दिवा कॅरिअरला बांधून द्या. बंदरावर जाळ्याची पिशवी कॅरिअरवर टाकणार असतील तर दिवा पिशवीच्या मागे येईल असा, लोखंडी पट्टीची एक दांडी वेल्डिंग करून. कुठलाही ग्रिलवाला करून देईल.